हवामानबदल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना कसा शिकवावा: वेगळ्या पेपरपेक्षा हिस्टरीतले चार प्रश्न

नर्सिंग शिकवणाऱ्या एका सहकारी शिक्षिकेने विचारलं आहे: हवामानबदल आणि आरोग्य हा विषय विद्यार्थ्यांना शिकवा, असं हल्ली सगळीकडून सांगतात. पण अभ्यासक्रम आधीच तुडुंब भरला आहे. वेगळा पेपर ठेवायचा का? शिकवणार कोण, आम्हीच हे कधी शिकलो नाही? आणि खाटेशी उभ्या असलेल्या नर्सने हवामानाचं करायचं तरी काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर सापडलं की आधीचे दोन बरेचसे सुटतात.

हवामानामुळे रुग्णाचं जे बिघडलं ते नर्सला वेळेत दिसलं पाहिजे. आज ते दिसत नाही, कारण केस शीटवर त्याला रकानाच नाही. उष्णतेच्या लाटेत दाखल झालेली माणसं कागदावर वेगळ्याच नावांनी येतात: डिहायड्रेशन, किडनीला अचानक इजा, पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं, लघवीचा संसर्ग, 'कालपासून असंबद्ध बोलतात'. उष्णतेचा उल्लेख कुठेच नसतो. मग उपचार होतात, रुग्ण बरा होतो आणि ज्या खोलीत आजारी पडला त्याच खोलीत परत जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेगळा पेपर काढू नका. वेगळा पेपर म्हणजे हरितगृह वायूंची नावं पाठ, एक आकृती, मार्क मिळाले, संपलं. वॉर्डात त्यातलं काही पोचत नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षी हिस्टरी (रुग्णाला विचारून घेतलेली माहिती) घ्यायला शिकवता तेव्हाच त्यात चार प्रश्न घाला. तुम्ही झोपता त्या खोलीत रात्री किती उकडतं? पिण्याचं पाणी कुठून येतं? दिवसभराचं काम उन्हात, भट्टीजवळ किंवा धुरात असतं का? आणि तब्येत बिघडली तर दाराशी कोण येईल?

प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येकामागे माणसं मेलेली आहेत, आणि विद्यार्थ्यांना ते सांगायला हवं. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत काही दिवसांच्या लाटेत ७०० हून अधिक जादा मृत्यू झाले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, घराबाहेर न पडणारे लोक जास्त दगावले. २०२१ च्या जूनअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिटन या गावी ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या लाटेतले ६१९ मृत्यू तिथल्या कॉरोनर्सनी (मृत्यूचं कारण तपासणारे सरकारी अधिकारी) उष्णतेचे ठरवले. त्यातले ९८ टक्के घरात किंवा कुठल्या ना कुठल्या छपराखाली झाले होते, उन्हात नव्हे. निम्म्याहून जास्त माणसं एकटी राहत होती. उष्माघात म्हणजे रस्त्यावर कोसळलेला मजूर, हे चित्र आपणच वर्गात उभं करतो. मजूर कोसळतोच, पण बंद खोलीतली म्हातारी कुणाला दिसत नाही.

पाण्याच्या प्रश्नाचं उदाहरण प्रसूतिपूर्व तपासणीच्या पोस्टिंगला (विद्यार्थ्यांच्या तिथल्या कामाच्या पाळीत) द्या. बांगलादेशच्या किनारपट्टीवर दाकोप भागात समुद्राचं खारं पाणी भूजलात आणि तळ्यांत शिरतं. तिथल्या गर्भवतींच्या अभ्यासात पिण्याच्या पाण्यातलं सोडियम आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब, प्रीएक्लॅम्पसिया (रक्तदाबाबरोबर इतर अवयवांनाही इजा करणारा गरोदरपणातला आजार) यांचा संबंध आढळला. रक्तदाब वाढलेला दिसला की आपण आहारातलं मीठ कमी करायला सांगतो. त्या बाईच्या घागरीतलंच पाणी खारट असेल तर तो सल्ला अपुरा पडतो, आणि विचारल्याशिवाय ते कळणार नाही. कामाच्या प्रश्नाचं उदाहरण मध्य अमेरिकेतलं: निकाराग्वा, एल साल्वादोर इथल्या ऊसतोड कामगारांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरुणांच्या किडन्या निकामी होत होत्या. कारणांवर अजून संशोधन चालू आहे, पण भर उन्हातली अंगमेहनत आणि वारंवार होणारं डिहायड्रेशन हे मुख्य कारण मानलं जातं. 'पाणी, विश्रांती, सावली' एवढी व्यवस्था शिस्तीने केली तिथे किडनीची इजा कमी झाली. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला तिशीतला तरुण समोर आला की 'काम काय करता?' हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून आपोआप यायला हवा.

आता 'जागा कुठे आहे' याबद्दल. जागा प्रत्येक विषयात आहे, फक्त शोधावी लागते. सगळ्यात दुर्लक्षित जागा मानसरोगाच्या पोस्टिंगची आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या त्याच लाटेच्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. आजारामुळे माणूस एकटा पडतो, धोका ओळखण्याची ताकद कमी होते, शिवाय या आजारावरची अँटिसायकोटिक औषधं शरीराच्या तापमान-नियंत्रणात ढवळाढवळ करतात. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेणाऱ्याला डिहायड्रेशन झालं की रक्तातली पातळी चढते आणि विषबाधेपर्यंत मामला जातो. हे सगळं फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात सुटं सुटं आहेच. विद्यार्थ्यांकडून औषधांची कार्डं करून घेता ना, त्यावर 'उष्णतेत काय लक्षात ठेवायचं' अशी एक ओळ वाढवा. विशेषतः या कार्डांवर: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, घाम रोखणारी अँटिकोलिनर्जिक औषधं, आणि रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर व एसीई इनहिबिटर. इन्सुलिनच्या कार्डावर साठवणीची ओळ असतेच; तिथे 'घरात फ्रिज नसेल किंवा वीज गेली तर?' एवढा प्रश्न लिहा. पण गोळी परस्पर बंद करायला सांगायचं नाही, डॉक्टरांशी बोलायचं, हे प्रत्येक कार्डावर ठळक हवं. उत्साही विद्यार्थी घरी जाऊन आजोबांच्या गोळ्या बंद करायला सांगतात.

साथरोगांवर मी फार वेळ घालवत नाही. डेंग्यू, मलेरिया, कॉलरा, लेप्टोस्पायरोसिस आपण शिकवतोच. एवढंच जोडा, की नकाशा आणि ऋतू दोन्ही हलले आहेत. २०२४ मध्ये जगभरात डेंग्यूचे १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, तोवरचा उच्चांक. फ्रान्स, इटलीसारख्या देशांतही परदेशी न गेलेल्यांना डेंग्यू होतो आहे. 'आमच्याकडे हा आजार नसतो' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढायचं. दम्याच्या धड्यात मेलबर्नची २१ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ सांगा: वादळात गवताचे परागकण फुटून हवेत पसरले, हजारो लोक श्वास अडकून दवाखान्यांकडे धावले, १० जण दगावले. त्यातल्या अनेकांना दम्याचं निदान कधी झालंच नव्हतं, फक्त दरवर्षी शिंका यायच्या. शिंकांच्या हिस्टरीकडे बघण्याची नजर तिथून बदलते.

सिम्युलेशन, म्हणजे मॅनिकिन या सरावाच्या पुतळ्यावर प्रसंग उभा करणं, मात्र सविस्तर करा, कारण सवय तिथेच लागते. मी वापरते तो प्रसंग असा. वय ७८, बाई, एकटी राहते. मॅनिकिनला पत्ताही द्या: सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची, खिडकी पश्चिमेला. शेजारणीने आणलं आहे. बरोबरच्या पिशवीत तीन औषधं: लघवीची गोळी, रक्तदाबाची रॅमिप्रिल आणि लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन. बाई डोळे उघडते, पण वार विचारला तर भलतंच काहीतरी सांगते.

बहुतेक विद्यार्थी थर्मामीटर काखेत लावतात. ३८.८ येतं. 'ताप आहे' म्हणून हात पॅरासिटामॉलकडे जातो. तिथे थांबवा आणि विचारा: हा ताप आहे का? तापात मेंदूतला थर्मोस्टॅटच वर सरकलेला असतो, म्हणून पॅरासिटामॉल लागू पडतं. उष्माघातात थर्मोस्टॅट जागच्या जागी असतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. गोळीचा उपयोग शून्य, वर आधीच ताणात असलेल्या यकृतावर भार. मग गुदद्वारातून तापमान घ्यायला लावा: ४१.१. ४० च्या वर गाभ्याचं तापमान आणि जोडीला मेंदूची लक्षणं म्हणजे उष्माघात. कातडी कोरडीच असेल असं नाही. 'घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही' असं एखादी म्हणतेच, तेव्हा ते तिथल्या तिथे खोडून काढा.

आता घड्याळ लावा. कपडे काढा, पाण्यात बुडवता येत असेल तर तो सगळ्यात वेगवान उपाय. नाहीतर अंगावर पाण्याचा फवारा आणि पंखा, बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत, जांघेत. अर्ध्या तासात ३९ च्या आसपास आणायचं आणि तिथे थंड करणं थांबवायचं, नाहीतर तापमान खाली घसरत राहतं. ग्लुकोज तपासलं का? कॅथेटरमधून आलेल्या लघवीचा रंग कुणी पाहिला? चहासारखा तपकिरी असेल तर स्नायू विरघळताहेत, डॉक्टरांना आत्ता सांगायचं.

इथवर बरेच जण शिकवतात. माझ्या मते प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा आहे, आणि तो सहसा होत नाही: डिस्चार्ज. तीच बाई तीन दिवसांनी घरी निघाली आहे. लाट अजून ओसरलेली नाही. विद्यार्थिनीने शेजारणीला आणि बाईला दहा मिनिटांत काय सांगायचं? 'भरपूर पाणी प्या' हे उत्तर मी स्वीकारत नाही. हृदयविकारात पाण्यावर मर्यादा असू शकते, आणि म्हातारपणी तहानच कमी लागते. घरातली सगळ्यात थंड खोली कुठली, झोप तिथे हलवता येईल का? पश्चिमेची खिडकी दुपारी झाकायची आणि रात्री उघडायची, हे कोण करेल? पंखा आहे, पण खोली ४० अंशांच्या वर गेली तर नुसता पंखा अंगावर गरम हवा फेकतो, हे माहीत आहे का? रोज सकाळ-संध्याकाळ कोण फोन करेल, आणि फोन उचलला नाही तर कोण जिना चढेल? त्या तीन गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारलं का? केअर प्लॅनमध्ये 'उष्णतेमुळे पुन्हा दाखल होण्याचा धोका' असं लिहून त्याखाली ही उत्तरं आली, की विद्यार्थिनीला विषय कळला असं मी समजते.

कम्युनिटी पोस्टिंगमध्ये याचंच मोठं रूप करता येतं. नेमून दिलेल्या घरांपैकी लाटेचा इशारा आला तर आधी कुठल्या दारावर जायचं, याची यादी विद्यार्थ्यांनी करायची: एकटे वृद्ध, डायलिसिसवरचे, ऑक्सिजनवरचे, तान्ही बाळं, गर्भवती (उष्णतेत अकाली प्रसूती आणि मृतजन्म यांचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आलं आहे), मानसिक आजाराची औषधं घेणारे. पुरासाठी, धुरासाठी यादी थोडी बदलते. ती का बदलते, हाच गटचर्चेचा विषय.

आपत्तीच्या धड्यात कवायत हवी आणि पुरवठ्याबद्दलही बोलायला हवं. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाची वीज गेली. ३०० हून अधिक रुग्ण हलवावे लागले, आणि नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळांना नर्सनी हाताने श्वास देत अंधाऱ्या जिन्यावरून खाली नेलं. विद्यार्थ्यांना एकदा तरी लिफ्ट बंद धरून, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत, मॅनिकिन जिन्यावरून उतरवायला लावा. किती माणसं लागतात, कागद कुणाकडे राहतो, पहिल्या मजल्यापर्यंत हात किती दुखतो, हे व्याख्यानातून कळत नाही. दुसरा धागा सलाईनचा. २०१७ च्या मारिया वादळाने प्वेर्तो रिकोतले कारखाने बंद पडले आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत सलाईनच्या छोट्या पिशव्या मिळेनाशा झाल्या. २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुरात नॉर्थ कॅरोलायनातला एक कारखाना बुडाला. अमेरिकेच्या शिरेवाटे द्यायच्या द्रवांपैकी सुमारे ६० टक्के तिथे बनत. वादळाचा थेंबही न पडलेल्या शहरांत नर्सना ठरवावं लागलं, की कुणाला तोंडावाटे पाणी चालेल आणि कुठलं अँटिबायोटिक पिशवीऐवजी हळू इंजेक्शनने देता येईल. हवामान आपल्या ड्युटीपर्यंत कसं पोचतं, हे दाखवायला मला यापेक्षा नेमकं उदाहरण मिळालेलं नाही.

यातूनच रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रदूषणाकडे वळता येतं. 'हेल्थ केअर विदाउट हार्म' आणि 'अरुप' यांच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगाच्या हरितगृह वायू उत्सर्जनातला ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे. मात्र शिकवण्याची सुरुवात इथून करू नका. बऱ्याच ठिकाणी हा विषय पोस्टर स्पर्धा, झाड लावतानाचा फोटो आणि कचऱ्याचे रंगीत डबे इथेच संपतो, आणि विद्यार्थ्यांचा समज होतो की हवामानबदल म्हणजे सफाई. डबे महत्त्वाचेच: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा साध्या कचऱ्यासारखाच असतो, आणि तो चुकून लाल-पिवळ्या पिशवीत गेला की त्यावर विनाकारण जास्त प्रक्रिया होते, कधी तो जाळलाही जातो. पण नर्सच्या हातात याहून मोठ्या गोष्टी आहेत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात २०१८ मध्ये नर्सनीच मोहीम काढली: गरज नसताना ग्लोव्ह्ज घालू नका. वर्षभरात २१ टन प्लास्टिक वाचलं. त्यामागचं कारण मुळात हातांच्या स्वच्छतेचं होतं. ग्लोव्ह्ज घातले की हात धुणं टळतं, आणि तेच ग्लोव्ह्ज पाच ठिकाणी लागतात. ही गोष्ट इन्फेक्शन कंट्रोलच्या तासाला सांगा, वेगळा तास नको.

इनहेलरबाबत जरा जपून. दाबून फवारा सोडणाऱ्या पंपातला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवणारा असतो, कोरड्या पावडरच्या इनहेलरमध्ये तो नसतो. पण म्हणून धाप लागलेल्या माणसाला अपराधी वाटेल असं काही बोलायचं नाही. पावडर ओढायला श्वासात जोर लागतो. लहान मुलं, काही वृद्ध यांना तो जमत नाही. विद्यार्थ्याने आधी तंत्र तपासावं. पंप चुकीचा वापरला जात असेल तर औषध घशात बसतं, आराम पडत नाही, आणि महिन्याला एकाऐवजी दोन-तीन डबे संपतात. तंत्र सुधारलं की दमाही आटोक्यात येतो आणि वायूही कमी जातो.

'शिकवणार कोण' याचं उत्तर: तुम्हीच. हवामानशास्त्रज्ञ बोलावून एक व्याख्यान झालं की विभागाला वाटतं काम झालं. प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विषयात एक जागा निवडायची, त्या जागेपुरतं वाचायचं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने २०१८ मध्ये यावर भूमिकापत्र काढलं आहे, आणि कोलंबिया विद्यापीठातून २०१७ पासून चालणारा हवामान-आरोग्य शिक्षणाचा जागतिक गट शिकवण्याचं साहित्य देतो. शून्यातून काही करावं लागत नाही. पण परीक्षेत आल्याशिवाय काहीही शिकलं जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑस्कीचं (टप्प्याटप्प्याने घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा) एक स्टेशन वरच्या डिस्चार्जचं करा. व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाह्य परीक्षकांना आधी कल्पना द्या, नाहीतर मुलीने चांगलं उत्तर दिलं तरी 'हे सिलॅबसमध्ये कुठे आहे?' असं विचारलं जातं.

बोलण्याचा एक धडाही हवा. एका रुग्णाच्या उष्माघाताला 'हवामानबदलामुळे' म्हणणं बरोबर नाही, तसं सिद्ध करता येत नाही. लाटेबद्दल मात्र बोलता येतं: २०२१ ची ती कॅनडातली लाट माणसाने केलेल्या तापमानवाढीशिवाय जवळजवळ अशक्य होती, असा निष्कर्ष वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशनच्या शास्त्रज्ञांनी काढला. हा फरक विद्यार्थ्यांना कळला की वाद घालणाऱ्या नातेवाइकापुढे ते गडबडत नाहीत. तिथे राजकारण काढायचंच नाही. 'गेल्या उन्हाळ्यात रात्री झोप लागायची का?' एवढं विचारलं की माणूस स्वतःहून बोलू लागतो. आणि वर्गात काही जण हे ऐकून खचतात, विशेषतः ज्यांनी पुरात किंवा आगीत घर गमावलं आहे. त्यांना आकडे आणखी ऐकवू नका, गटात हाताला काम द्या आणि नंतर बाजूला घेऊन विचारा.

या सत्रात एकच गोष्ट करणं शक्य असेल तर ही करा. लसीच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलं जातं. ज्या वॉर्डात माणसं झोपतात त्याचं कुणीच लिहीत नाही. विद्यार्थ्यांना एक साधा भिंतीवरचा थर्मामीटर द्या, आर्द्रता दाखवणारा असेल तर उत्तम. प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरच्या वेळी खिडकीजवळच्या आणि आतल्या खाटेशी तापमान लिहायचं, शेजारी त्या पाळीत सलाईन लागलेले, गोंधळलेले, पडलेले रुग्ण आणि चक्कर आलेला स्टाफ, एवढंच. उन्हाळ्याआधी सुरू करा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील. नावं नकोत, खाटेचे नंबरही नकोत. दोन महिन्यांनी तो तक्ता विद्यार्थ्यांनीच मेट्रनपुढे मांडायचा, आणि त्याबरोबर एक मागणी न्यायची, जी त्याच आठवड्यात पुरी होऊ शकेल: पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे, किंवा सगळ्यात अशक्त रुग्णांच्या खाटा आतल्या बाजूला.